लांबचा जीपीएस ट्रॅक नोंदवताना फोन का अडकतो? कारणं आणि उपाय

मागच्या थंडीत आम्ही काही मुलांना घेऊन मेढ्याहून केळघर घाटाच्या बाजूला पायी गेलो होतो. वाट पुढच्या वर्षीही सापडावी म्हणून फोनवर जीपीएस ट्रॅक सुरू केला. सकाळी सगळं झकास चाललं. दुपारनंतर नकाशा सरकेना, बोट लावलं की ॲप गोठायचं. संध्याकाळी घरी येऊन पाहिलं तर डोंगरातल्या वळणांऐवजी नकाशावर एक सरळ रेघ. आम्ही काही डोंगर भेदून गेलो नव्हतो. मधल्या दोन तासांची नोंदच झाली नव्हती.

गमतीची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण आपली मुलं बामणोली, वासोट्याकडे ट्रेकला जातात, तरुण रात्री बाईकवरून घाट उतरतात, घरातली वडीलधारी हज-उमराहला जातात. परतीची वाट शोधायची वेळ आली आणि नेमका तोच तुकडा गायब असेल तर? म्हणून हे नीट समजून घेऊ.

ट्रॅक म्हणजे काय?

ट्रॅक म्हणजे बिंदूंची माळ. प्रत्येक बिंदूत अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ असते. बहुतेक ॲप ही माळ जीपीएक्स नावाच्या फाईलमध्ये देतात. हा प्रकार २००२ पासून वापरात आहे आणि तो साध्या मजकुराचा असतो.

ॲपने दर सेकंदाला एक बिंदू घेतला, तर तासाला ३,६०० आणि आठ तासांत २८,८०० बिंदू होतात. एका बिंदूला साधारण १०० ते १५० अक्षरं लागतात, म्हणजे पूर्ण फाईल तीन-चार एमबीची. एखाद्या चांगल्या फोटोएवढी. त्यामुळे "फोनमध्ये जागा नाही म्हणून ट्रॅक अडकतो" हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो.

मग अडकतं कुठं?

वर्गातलं उदाहरण घ्या. एक नवीन मुलगा वर्गात आला की त्याचं नाव हजेरीच्या शेवटी लिहायचं, एवढंच काम. पण प्रत्येक नवीन मुलामागे पहिल्या नंबरापासून सगळी हजेरी पुन्हा घ्यायची म्हटली तर? दहा मुलांपर्यंत चालेल. हजार मुलं झाली की दिवस हजेरीतच जाईल.

काही ॲप नेमकं हेच करतात. नवीन बिंदू आला की आधीची पूर्ण रेघ नकाशावर पुन्हा काढतात, एकूण अंतर पहिल्यापासून मोजतात, कधी पूर्ण फाईल नव्याने लिहितात. दर सेकंदाला असं झालं तर पहिल्या तासात सुमारे ६५ लाख वेळा बिंदू हाताळावे लागतात. आठव्या तासात हाच आकडा ९ कोटी ७२ लाखांवर जातो, म्हणजे पंधरापट. सकाळी पळणारं ॲप दुपारी का धापा टाकतं, ते इथं कळतं. फोन तापतो, बॅटरी उतरते, मेमरी भरते आणि शेवटी फोन ते ॲपच बंद करून टाकतो.

चांगली ॲप फक्त नवा तुकडा जोडतात. नकाशा लहान करून पाहताना सरळ वाटेवरचे अनावश्यक बिंदू गाळून रेघ काढतात. डग्लस आणि प्यूकर या दोघांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी आजही वापरली जाते. वळण कायम राहतं, ओझं कमी होतं.

दुसरं कारण: फोनची काटकसर

कधी ॲप चांगलं असतं, पण फोनच त्याला झोपवतो. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) पडून राहिलेल्या फोनमधली कामं थांबवण्याची सोय आली. अँड्रॉइड ८ पासून (२०१७) मागे चाललेल्या ॲपला तासातून मोजक्याच वेळा लोकेशन मिळतं. अपवाद एकच: ॲपने वरच्या पट्टीत "नोंद सुरू आहे" अशी कायम सूचना दाखवत काम करणं. म्हणून ती सूचना नकोशी वाटली तरी काढू नका. याशिवाय काही फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा बॅटरी सेव्हर असतो, तो आणखी कडक असतो.

ओळखायचं कसं? ॲप गोठत असेल तर बिंदूंचं ओझं. ॲप सुरळीत आहे, पण स्क्रीन बंद असलेल्या वेळेत सरळ रेघ आली, तर काटकसर.

किती सेकंदांनी बिंदू घ्यावा?

मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरपर्यंत असते. माणूस चालताना सेकंदाला सव्वा-दीड मीटर पुढे जातो. म्हणजे दर सेकंदाच्या बिंदूत चालण्यापेक्षा चूकच जास्त नोंदली जाते. तुम्ही झाडाखाली बसून डबा खाताय आणि ट्रॅक मात्र इकडेतिकडे फिरून अंतर वाढवतोय, हे त्यामुळेच.

- पायी चालताना: ५ ते १० सेकंद. पाच सेकंदांत आपण सुमारे ७ मीटर जातो, पायवाट नीट उमटते.
- बाईक किंवा गाडीवर: १ ते २ सेकंद. ताशी ५४ किमी वेगाने पाच सेकंदांत ७५ मीटर जातात, घाटातलं वळणच कापलं जातं.
- ॲपमध्ये "किमान अंतर" असेल तर पायी ५ ते १० मीटर ठेवा. थांबलो की नोंदही थांबते.

एक सेकंदाऐवजी पाच सेकंद केले की बिंदू पाचपट कमी होतात, पण वर सांगितलेलं पुन्हापुन्हाचं काम तब्बल २५ पटींनी कमी होतं. सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडतो.

निघण्यापूर्वी काय करायचं?

१. सेटिंग्जमध्ये त्या ॲपची बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. लोकेशनची परवानगी अचूक लोकेशनसह द्या. अँड्रॉइड १० पासून (२०१९) "नेहमी" ही परवानगी वेगळी असते, ॲपने मागितली तर तीही द्या.

२. ट्रॅक गावातच सुरू करा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नेट असलं की उपग्रहांची माहिती पटकन उतरते. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट एवढ्या संथ गतीने येते. दरीत, झाडीत मग वाट बघत बसावं लागतं.

३. त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

४. स्क्रीन बंद ठेवा. नोंद चालू राहू दे, नकाशा गरजेपुरता उघडा.

५. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत बॅटरी संपवतो. बहुतेक फोनमध्ये एअरप्लेन मोडवरही जीपीएस चालतं. घरी एकदा तपासून घ्या. मात्र कुणाचा फोन येणार असेल तर गटातला एक फोन चालू ठेवा.

६. लांबच्या दिवसाचे तुकडे करा. जोहरच्या नमाजला थांबलात की पहिला ट्रॅक सेव्ह करा, नमाजनंतर नवीन सुरू करा. काही बिघडलं तरी अर्धा दिवस हातात राहतो. ॲप मध्येच बंद पडलं तर फाईलचा शेवट अर्धवट राहतो आणि दुसरं ॲप ती उघडत नाही. सेव्ह केलेल्या तुकड्याला तो धोका नाही.

ॲप निवडताना ओपनट्रॅक्स आणि ओस्मअँड ही दोन पाहा. दोन्ही मुक्त स्रोताची आहेत आणि जीपीएक्स फाईल देतात. नवीन ॲप थेट जंगलात वापरू नका. आधी घर ते बाजार असा तासभर चालून स्क्रीन बंद ठेवून पाहा.

हजला जाणाऱ्यांसाठी

मीना ते अरफात अंतर सुमारे १४ किमी, वर उन्हाचा कडाका. तिथं अम्मी-अब्बांच्या फोनवर दिवसभर ट्रॅक चालवण्याचा आग्रह धरू नका. तापलेला फोन दुपारीच बंद पडला तर फोनही करता येणार नाही. त्यापेक्षा मीनातल्या आपल्या तंबूचा आणि मक्केतल्या मुक्कामाचा एकेक बिंदू सेव्ह करून द्या, नकाशा उतरवून द्या आणि तो बिंदू उघडायला इथंच शिकवा. तंबूचा नंबर कागदावर लिहून खिशात असू द्याच. लांब ट्रॅक हवाच असेल तर तो बरोबरच्या तरुणाच्या फोनवर, पॉवर बँक लावून.

आम्ही नंतर तीच वाट पुन्हा चाललो. पाच सेकंदांचा बिंदू, दुपारी एक सेव्ह, स्क्रीन बंद. फोन तोच जुना होता आणि वाट पूर्ण उमटली. नवीन फोन घेण्याआधी एवढं करून पाहा. अल्लाह सर्वांना सुखरूप घरी पोहोचवो, आमीन.