दुर्बीण: एका डोळ्याची की दोन डोळ्यांची?

आमच्या हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती. १९०३ साली ही फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. त्या काळी शिकारी साहेब लांबचे जनावर हेरायला एका नळीची पितळी दुर्बीण वापरत. लोलकांची बायनॉक्युलर झाइस या जर्मन कंपनीने १८९४ साली बाजारात आणली.

एकनळीचा आजचा अवतार म्हणजे स्पॉटिंग स्कोप. मराठीत दोन्हींना दुर्बीणच म्हणतात, पण फरक मोठा. बायनॉक्युलर आठ-दहा पट मोठे दाखवते आणि चालता चालता डोळ्यांना लावता येते. स्कोप वीस ते साठ पट दाखवतो, पण त्याला तिपाई लागते. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते. साठ पटीत हरणापेक्षा ती थरथरच जास्त दिसते. म्हणून माझ्या मते रानात हिंडायला बायनॉक्युलर बरी; सिद्धेश्वर धरणाच्या काठी सकाळी बसून पाखरे पाहायला स्कोप.

पूर्वी शिंगांची लांबी दुर्बिणीतून पाहून गोळी घालायची की नाही ते ठरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय मिळाले. कळप पीक खातात म्हणून शेतकरी वैतागतो, तेही खरेच. पण नातवंडांना मी एवढेच सांगतो, बाळांनो, डोळे भरून बघा आणि त्याला जाऊ द्या.