आठ सेकंदांची बासरी

बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याच्या सुरुवातीची बासरी नक्की आठवत असेल. थोडी धुरकट, थोडी पेंगुळलेली, सूर किंचित डुलतोय अशी. मी ते गाणं कॉलेजात असताना पहिल्यांदा ऐकलं आणि पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओत बसून कोणीतरी ती बासरी वाजवली असणार असंच धरून चाललो होतो.

तशी कोणी वाजवलेली नाही! म्हणजे वाजवली होती, पण या गाण्यासाठी नव्हे. काही वर्षं आधी कोणा बासरीवाल्याने एकेक सूर सुटा वाजवून दिला, तो टेपवर राहिला, आणि १९६६ च्या अखेरीस पॉल मॅकार्टनीने एका कीबोर्डच्या पट्ट्या दाबून त्याला पुन्हा वाजायला लावलं. गंमत म्हणजे त्याच गाण्यात जॉर्ज हॅरिसनने वाजवलेलं आपलं स्वरमंडल आहे. ते मात्र खरंखुरं, तिथल्या तिथे छेडलेलं.

तर त्या कीबोर्डचं नाव मेलोट्रॉन. गेले दोन महिने मी याच्या नादाला लागलोय. (घरच्यांनी आशा सोडली आहे.) खरं वाद्य कुठून मिळणार, आणि मिळालं तरी ठेवणार कुठे? पण त्याची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअर्स मिळतात, त्यातलं एक घेतलं. त्याबद्दल सांगायचं आहेच, पण आधी मूळ यंत्राबद्दल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मेलोट्रॉनचं झाकण उघडलं की आत टेपरेकॉर्डर असतो. एक नाही, प्रत्येक पट्टीखाली एक. पस्तीस पट्ट्या, पस्तीस फिती, पस्तीस हेड. सगळ्यांच्या खालून एक लांब दांडा मोटरवर सतत फिरत असतो. पट्टी दाबली की फीत हेडवर टेकते आणि फिरत्या दांड्यावर दाबली जाते, दांडा तिला ओढू लागतो, वाजलेली फीत खालच्या खणात पडत जाते. पट्टी सोडली की स्प्रिंग तिला झटक्यात मागे खेचतं. फीत गोल जोडलेली नाही, तिला सुरुवात आहे आणि शेवट आहे. त्यामुळे फुंकरीची पहिली 'हफ्' ऐकू येते, आणि आठेक सेकंदांनी फीत संपली की सूर संपतो. बोट दाबून धरा नाहीतर हात जोडा, नववा सेकंद नाही.

ही कल्पना मूळची इंग्रजांची नव्हे, हॅरी चेंबरलिन या कॅलिफोर्नियातल्या अमेरिकन माणसाची. असं सांगतात, की तो आपलं ऑर्गनवादन टेपरेकॉर्डरवर भरत होता आणि यंत्राचं बटण दाबताना त्याच्या मनात आलं, एक बटण दाबून अख्खं वादन ऐकू येतं, तर प्रत्येक सुराला एकेक बटण का असू नये? १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पहिलं यंत्र बनवलं. त्यात नुसते ताल होते. मग सुरांची यंत्रं आली. वादकांना अपलँडच्या आपल्या घरी बोलवून तो एकेक सूर भरून घेत असे. अख्खा वाद्यवृंद दिवाणखान्यात मावेल, असं त्याचं गिऱ्हाइकाला सांगणं.

त्याच्याकडे बिल फ्रॅन्सन नावाचा विक्रेता होता. (त्याआधी खिडक्यांच्या काचा पुसायचा म्हणे.) १९६२ मध्ये हा गृहस्थ चेंबरलिनची दोन यंत्रं घेऊन इंग्लंडला गेला आणि एकसारखी सत्तर टेप-हेड बनवून देणारं कोणी भेटतं का ते शोधू लागला. बर्मिंगहॅमजवळ ब्रॅडली बंधूंचा, म्हणजे फ्रँक, नॉर्मन आणि लेस्ली यांचा ब्रॅडमॅटिक नावाचा छोटा कारखाना होता. त्यांनी यंत्र पाहिलं आणि म्हणाले, हेड कशाला, हे अख्खं यंत्रच आम्ही याहून चांगलं बनवू. यंत्र मुळात दुसऱ्याचं आहे हे फ्रॅन्सनने त्यांना सांगितलं नाही. १९६३ मध्ये मेलोट्रॉन मार्क वन बाजारात आला. चेंबरलिनला पत्ता लागला तेव्हा अर्थातच भांडण झालं, आणि शेवटी पैशांवर मिटलं. म्हणजे नक्कल करणाऱ्या यंत्राचीच नक्कल झाली होती. मला तरी यात ब्रॅडलींपेक्षा फ्रॅन्सनचा राग येतो.

पुढच्या वर्षीच्या मार्क टूमध्ये शेजारी-शेजारी दोन कीबोर्ड होते. डावीकडे ताल आणि साथसंगतीचे तयार तुकडे, उजवीकडे मुख्य वाद्यं. वजन सुमारे १६० किलो. हे रॉक संगीतासाठी नव्हतंच मुळी, श्रीमंतांच्या बैठकीच्या खोलीसाठी होतं. राजकन्या मार्गारेटकडे होतं, पीटर सेलर्सकडे होतं. बीबीसीसाठी एक वेगळा प्रकार निघाला, त्यात सुरांऐवजी आवाज होते, १२६० वेगवेगळे. वादकांच्या संघटनेने ओरड केली, की एक माणूस पट्ट्या दाबणार आणि बाकीचे घरी बसणार. ती भीती अगदीच खोटी नव्हती, फक्त तीस वर्षं लवकर होती. मुंबईच्या सिनेमासंगीतात पन्नास-पन्नास व्हायोलिनवाले एका कीबोर्डपुढे कमी कमी होत गेलेले आपण पाहिलेच आहेत.

मेलोट्रॉनने मात्र कोणाला घरी बसवलं नाही, कारण नक्कल करण्यात तो सपशेल नापास झाला. एकदम पाच-सहा पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येऊन सूर खाली ओघळत. हवा दमट झाली की फिती रुसत. दौऱ्यावर नेलं की काहीतरी अडकायचंच. रिक वेकमनने तर आपला मेलोट्रॉन पेट्रोल ओतून जाळला असं तो स्वतःच सांगतो. शिवाय प्रत्येक सूर वेगळ्या क्षणी भरलेला, एकात कंप जास्त, एक थोडा उशिरा उठणारा. ऐकून कोणीही फसणार नाही.

आणि तरीही लोक त्याच्या प्रेमात पडले. माईक पिंडर हा तर त्याच कारखान्यात कामाला होता. पुढे मूडी ब्लूजमध्ये गेल्यावर त्याने डावीकडच्या तालाच्या फिती काढून तिथेही वाद्यांच्या फिती घातल्या, आणि बीटल्सना या यंत्राची ओळख करून दिली तीही त्यानेच. (२०२४ मध्ये तो गेला.) १९६८ च्या 'बंगलो बिल'च्या सुरुवातीला जो स्पॅनिश गिटारचा झणझणीत तुकडा आहे तो वाजवायला एक बोट पुरलं, तयार तुकड्यांच्या फितीवर तो तसाच होता. १९६९ मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला, त्यातली व्हायोलिन्स ऐकताना व्हायोलिन आठवतच नाही. पाऊस पडून गेल्यावर रिकाम्या चर्चमध्ये कोणीतरी काहीतरी ओढत नेतंय असं वाटतं. १९७० मध्ये एम-४०० हा छोटा मेलोट्रॉन आला, सुमारे ५५ किलोंचा, फितींची चौकट बदलता येणारा. तो सुमारे १८०० बनला. त्यात एकेका फितीवर तीन वाद्यं शेजारी-शेजारी भरलेली असत आणि एक खटका हेडला या वाद्यावरून त्या वाद्यावर नेई. मधेच ठेवला तर दोन्ही अर्धीअर्धी.

मग उतरती कळा. १९७७ च्या सुमारास विक्री करणारी कंपनी बुडाली, 'मेलोट्रॉन' हे नाव दुसऱ्यांच्या हाती गेलं आणि ब्रॅडलींना स्वतःच्याच वाद्याला नोव्हाट्रॉन म्हणायची पाळी आली. १९८६ मध्ये कारखाना बंद. तोवर डिजिटल सॅम्पलर आले होते. मजा अशी की स्मृतीच्या बाबतीत ते मेलोट्रॉनपेक्षा गरीब होते. पस्तीस सूर गुणिले आठ सेकंद म्हणजे एका वाद्याचे चार मिनिटं चाळीस सेकंद. सुरुवातीच्या सॅम्पलरना काही सेकंद साठवतानाच धाप लागे, म्हणून ते थोडा तुकडा घेऊन गोल-गोल फिरवत आणि एकच सूर ताणून बाकीच्या पट्ट्यांवर पसरत. जुन्या लाकडी खोक्यात प्रत्येक सूर वेगळा होता, कोणीतरी खरोखर वाजवलेला.

म्हणूनच सॉफ्टवेअरची वेळ आली ती संगणक पुरेसे मोठे झाल्यावर. वरचे चार मिनिटं चाळीस सेकंद सीडीच्या दर्जाने एकेरी साठवले तर साधारण २५ एमबी होतात. आज फोनमधला एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो, पण २००० सालच्या आसपास जीफोर्सचं एम-ट्रॉन आलं तेव्हा हा आकडा लहान नव्हता. आधी रेडिओहेडसारख्यांनी १९९७ च्या अल्बममध्ये मेलोट्रॉनचा कोरस वापरून त्याला नव्या पिढीत आणलं होतंच. मग २००९ मध्ये एम-ट्रॉन प्रो, २०१९ मध्ये आर्टुरियाचा मेलोट्रॉन व्ही, आणि इतर अनेक.

यातलं एक उघडून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मला हसू आलं होतं. पडद्यावर लाकडी खोकं काढलेलं. एक बटण फीत किती थरथरावी याचं, एक खरखरीचं. आणि आठ सेकंदांनी सूर बंद! संगणकाला कसली आलीय फीत संपायची अडचण? ब्रॅडली बंधूंनी ज्या दोषांशी वीस-बावीस वर्षं झुंज दिली ते दोष आता पैसे मोजून, बटणाने कमी-जास्त करून घ्यायचे. नव्या पँटला गुडघ्यावर फाडून विकतात तसं. बराच वेळ माझं मत हेच होतं.

मत बदललं ते बटणांमुळे नव्हे. बासरीचा गंधार मी पुन्हा पुन्हा दाबत होतो. सूर उठतो, दोन सेकंदांनी किंचित डगमगतो, सावरतो. दर वेळी तसाच. तेव्हा लक्षात आलं की हे डगमगणं फितीचं नाही, त्या माणसाचं आहे. त्या दिवशी त्या सुराला त्याचा श्वास जरा कमी पडला असेल. सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव नाही, नुसतं 'फ्लूट'. व्हायोलिनला 'थ्री व्हायोलिन्स'. साठ वर्षं जगभर वाजणारे तीन व्हायोलिनवाले, आणि नावं नाहीत. बिदागी मिळाली असेल एका दिवसाची.

आता घरच्या मंडळींसाठी. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये आपले स्वतःचे आवाज भरायची सोय आहे. अप्पाकाकांची १९८४ च्या गणपतीतली कॅसेट माझ्याकडे आहे हे बहुतेकांना माहीत आहे. भजनाला व्हायोलिनची साथ, मागे घरभर माणसं. मी तीन रात्री बसून त्यातून सुटे सूर काढले. पस्तीस कुठले, अकरा मिळाले. आठ सेकंदांचा एकही नाही, सगळ्यात लांब षड्ज साडेपाच सेकंदांचा. पंचमाच्या मागे कुकरची शिट्टी आहे. ते अकरा सूर पट्ट्यांवर बसवले आणि दिवाळीत मिरजेला आत्याला नेऊन ऐकवले. एक भजन वाजवलं, जमेल तसं.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सूर त्याचाच आहे रे. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना तो जे करायचा, ते कुठंय?"

मला उत्तर नव्हतं. पेटीतून मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवलं होतं. लहानपणी हा किस्सा मला हट्टीपणाचा वाटायचा. आत्याला मी म्हटलं, नको असेल तर काढून टाकतो. तुझ्या भावाला असं सुटं सुटं करून पट्ट्यांवर ठेवणं मलाही थोडं खटकतंय. त्यावर ती म्हणाली, "थांब. तो शिट्टीवाला परत दाब."

दाबला. चार-पाचदा दाबायला लावला. शिट्टी तिच्याच कुकरची होती म्हणे, आणि त्या दिवशी वरण लागलं होतं.

सूर अजून काढलेले नाहीत. ठेवायचे की नाही ते आत्या ठरवेल. एक मात्र कळलं, की नाशिकला माईंच्या कपाटात अप्पाकाकांची आणखी एक कॅसेट आहे. नाशिककरांना विनंती, की ती सापडली तर कोणा दुकानात देऊन खरखर साफ करून घेऊ नका. जशी आहे तशी पाठवा. आणि कुरिअरने नको, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्या.