मामाची ट्रंक आणि डोरोथीचे बूट

मामा गेल्यावर मामीने त्याची ट्रंक माझ्या हवाली केली. "तूच बघ रे काय ते. इंटरनेटवर विकतात म्हणे असलं सगळं." आत सिनेमाच्या गाण्यांच्या ३१२ पुस्तिका. थिएटरच्या दारात काही आण्यांना मिळायच्या ना, त्या. नमुना म्हणून दहा ऑनलाइन लिलावात टाकल्या, तर एका गिऱ्हाइकाचा लगेच सवाल, "मागे पेनाने लिहिलंय, किंमत कमी करणार का?"

मागे मामाचं अक्षर आहे. तारीख, थिएटर, बरोबर कोण. "अलका. ताईबरोबर. येताना पाऊस." ताई म्हणजे माझी आई.

मामीला पैशांची गरज आहे, हे खरंच आहे. मग एकेक विकायची की सगळी एकगठ्ठा? नेहमीप्रमाणे वाचत बसलो, आणि लक्षात आलं की हा घोळ हॉलिवूडने आपल्या आधीच घालून ठेवलाय.

१९६९ साली कर्क कर्कोरियनने एमजीएम स्टुडिओ ताब्यात घेतला. स्टुडिओ कर्जात होता आणि गोदामं पोशाख, फर्निचर, सामानाने भरलेली. नव्या मालकांच्या हिशेबात ती अडगळच. डेव्हिड वाइझ नावाच्या लिलाववाल्याने तो माल सुमारे १५ लाख डॉलरला उचलला आणि मे १९७० मध्ये १८ दिवस लिलाव पुकारला. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या सिनेमात जूडी गार्लंडने, म्हणजे डोरोथीने, घातलेले लाल टिकल्यांचे बूट त्यात १५,००० डॉलरला गेले.

गंमत पुढे आहे. लिलावात जोड एकच आला, पण गोदामात सापडले होते अनेक! पोशाख निवडायला ठेवलेल्या केंट वॉर्नरने बाकीचे गुपचूप स्वतःकडे ठेवले. म्हणजे मालाची धड यादीच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर इन्व्हेंटरीच चुकीची, मग दुर्मिळ काय नि मुबलक काय, कसं ठरवणार?

त्या गर्दीत एक बाई वेगळ्याच हेतूने बोली लावत होती. डेबी रेनॉल्ड्स, 'सिंगिंग इन द रेन'ची नायिका. तिला हे सगळं एका छपराखाली ठेवून संग्रहालय करायचं होतं. पुढची चाळीस वर्षं ती जमवत राहिली. लास वेगासमध्ये हॉटेल काढून त्यात संग्रहालय मांडलं, तर १९९७ साली दिवाळं निघालं. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीकडे हेलपाटे घातले, जमलं नाही. शेवटी देणी फेडायला १८ जून २०११ रोजी तिनेच लिलाव केला. 'द सेव्हन इयर इच'मधल्या मर्लिन मन्रोच्या पांढऱ्या ड्रेसची बोली ४६ लाख डॉलरवर थांबली, कमिशन वेगळं. एका दिवसात दोन कोटी डॉलरहून जास्त जमले. पैसे मिळाले, संग्रह गेला. डेबी २०१६ च्या डिसेंबरमध्ये वारली. अकॅडमीचं संग्रहालय उघडलं सप्टेंबर २०२१ मध्ये.

मधल्या काळात लिलावाची रीतच बदलली होती. १९९५ साली पिएर ओमिड्यारने ऑक्शनवेब सुरू केलं, तेच पुढे ईबे झालं. तुम्ही जास्तीत जास्त किती देणार ते सांगून ठेवायचं, प्रोग्रॅम समोरच्यापेक्षा एकेक पायरी वर चढत राहतो. हॉलमध्ये बसायची गरज नाही. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. आपल्या गावात दुर्मिळ वाटणारी वस्तू जगात पन्नास जणांकडे निघाली आणि तिचा भाव कोसळला. खरोखर दुर्मिळ होतं, ते मात्र आभाळाला भिडलं.

पुन्हा बुटांकडे येऊ. वॉर्नरच्या हातून सुटलेला एक जोड ऑगस्ट २००५ मध्ये मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या जूडी गार्लंड संग्रहालयातून चोरीला गेला. चोराला वाटलं, खरी माणकं आहेत. काच निघाली म्हटल्यावर त्याने ते बूट दुसऱ्याच्या गळ्यात मारले! २०१८ साली एफबीआयने ते परत मिळवले आणि ७ डिसेंबर २०२४ रोजी हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात त्यांना २ कोटी ८० लाख डॉलरची बोली लागली. कमिशन धरून ३ कोटी २५ लाख.

पण मला त्या आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट चटका लावून गेली. सापडलेले बूट खात्री करायला स्मिथसोनियनकडे नेले, कारण तिथेही एक जोड आहे. तपासल्यावर कळलं, दोन्ही जोड्यांची अदलाबदल झालीये. इथला एक तिथे, तिथला एक इथे. इतकी वर्षं जगभर मिरवलेले बूट मुळात एकमेकांचे जोडीदारच नव्हते.

लिलाव वाईट, असं मी म्हणणार नाही. तो नसता तर त्यातलं बरंच काही कचऱ्यातच गेलं असतं. पण लिलाव फक्त वस्तू वाचवतो. कुठली वस्तू कुणाबरोबर होती, हे कुणी लिहून ठेवलं नाही तर ते कायमचं जातं. डेटाबेसवाल्यांना सांगायला नकोच: ओळी शाबूत राहतात, त्यांना जोडणाऱ्या किल्ल्या हरवतात.

असो. त्या दहा पुस्तिका मी लिलावातून काढून घेतल्या. आता दर शनिवारी पुढून-मागून स्कॅन करतोय, मामाच्या प्रत्येक नोंदीसकट. मग आधी लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये विचारणार. नाहीच जमलं तर विकीन, पण सगळ्या एकत्र. भाव कमी येईल, हे मामीला स्पष्ट सांगितलं.

ती म्हणाली, "येऊ दे कमी. पण ती पावसाची तेवढी ताईंना देऊन टाक."

म्हणजे आता ३११.