वेण्णेच्या डोहातील जेलीफिश

जेलीफिश हा समुद्रातला प्राणी, असे आपण मुलांना शिकवतो. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणात १८८४ साली जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना तो सापडला घाटावर, सातारा जिल्ह्यात मेढ्याजवळ, वेण्णा नदीत! साल १९११. ते तेव्हा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अ‍ॅनन्डेल यांनी त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. लिम्नोक्निडा ही प्रजाती (जीनस) तोवर फक्त आफ्रिकेतून ठाऊक होती. मग ती सह्याद्रीत कशी? दोन्ही भूखंड एकेकाळी जोडलेले होते म्हणून, की गोड्या पाण्यातल्या जेलीफिशची दगडांना चिकटून राहणारी इवलीशी अवस्था पाणपक्ष्यांबरोबर आली? खंड सरकतात, ही वेगेनर यांची कल्पना पुढे आली १९१२ साली. आघारकर मात्र पुढे नावाजले ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून!