रक्ताकडे जाणारी वाट



सावित्री नदीकाठच्या महाड गावातील चवदार तळ्याचा इतिहास शिकविताना मी वर्गात नेहमी एक प्रश्न विचारीत असे : ‘१९२७ सालापूर्वी त्या तळ्यात पाणी नव्हते काय?’ मुले हसत. पाणी होते, पुष्कळ होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा रावबहादुर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले केल्याचा ठराव केला होता. उणे होते ते एवढेच, की तळ्यापर्यंत जाण्याची वाट मोकळी नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी ते पाणी प्राशन केले, तेव्हा ती वाट उघडली. परंतु लागलीच सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, वाद न्यायालयात गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. वाट उघडणे हे एक काम आणि ती उघडी राखणे हे दुसरे, हा त्या दहा वर्षांचा धडा होय.

आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे तो मूत्रपिंडाच्या रोग्यांचा आहे. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा शिक्षक आहे. तथापि या इतिहासातही मला तोच धडा आढळला, म्हणून आरंभी तळ्याचे स्मरण केले. ही तुलना फार ताणू नये, हेही खरे. तळ्याची वाट माणसांनी माणसांसाठी अडविली होती. शरीरातील वाट बहुधा शरीरधर्मानेच अडते.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे रक्तातील विषारी द्रव्ये बाहेर पडत नाहीत. तेव्हा रक्त शरीराबाहेर काढून, यंत्रात शुद्ध करून परत शरीरात सोडावे लागते. यालाच डायालिसिस म्हणतात. हॉलंडमधील कांपेन गावी, जर्मन सैन्याच्या अमलाखाली, डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली असे यंत्र माणसावर चालविले. रक्त वाहण्यासाठी त्यांनी मांसाच्या पदार्थांची वेष्टने करण्यास वापरीत त्या सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळल्या होत्या. त्यांची पहिली रोगी २९ वर्षांची तरुणी होती. यंत्राने आपले काम केले. पण प्रत्येक खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, आणि सुमारे बारा खेपांनंतर उघडण्यास वाहिनीच उरली नाही. ती तरुणी वाचली नाही. तळे भरलेले होते, वाट संपली होती.

ती वाट कायम ठेवण्याची युक्ती १९६० साली अमेरिकेतील सिॲटल शहरी डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी काढली. हाताच्या धमनीत एक व शिरेत एक अशा टेफ्लॉनच्या नळ्या बसवून त्या बाहेर एकमेकींस जोडून ठेवावयाच्या व यंत्र लावताना तेवढ्या सोडावयाच्या. त्यांचा पहिला रोगी त्यानंतर अकरा वर्षे जगला. पण यंत्रे थोडी आणि रोगी फार. म्हणून तेथे एक समिती नेमण्यात आली. कोणास यंत्र द्यावे हे ठरविताना ती रोग्याचा व्यवसाय, कुटुंब, समाजातील स्थान, इतकेच नव्हे तर त्याचे चर्चला जाणेही विचारात घेई. येथे मात्र वाट अडविणारी माणसेच होती. अमेरिकेत सरकारने या उपचाराचा भार उचलण्याचा कायदा १९७२ साली झाला.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ च्या आणीबाणीतील बंदिवासात त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरात सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देहावसान होईपर्यंत ते डायालिसिसच्या आधारे जगले. १९७७ सालचे सत्तांतर घडविणारा हा पुरुष यंत्राशी असा बांधलेला होता.

या वाटेचा सर्वांत चांगला प्रकार १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. ब्रेशिया व डॉ. चिमिनो यांनी प्रसिद्ध केला. मनगटाजवळ धमनी व शीर एकमेकींस जोडली म्हणजे शीर फुगून बळकट होते व तिच्यात वारंवार सुई घालता येते. यास फिस्टुला म्हणतात. पण ती पक्व होण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि रोगी तर बहुधा ऐन संकटात दाराशी येतो. अशा वेळी मानेतील मोठ्या शिरेतून हृदयापर्यंत एक दुपदरी नळी घालतात. तीच कॅथेटर.

ही नळी प्राण वाचविते, पण तिचे आजारही पुष्कळ. तिच्या तोंडाशी रक्ताची गुठळी होते. तिच्याभोवती तंतूंचे आवरण चढते. जंतू शिरून थंडीताप येतो. आणि शीर आतून घासली जाऊन अरुंद होते, मग हात व चेहरा सुजतो. पूर्वी नळी गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत घालीत असत. तेथे शीर अरुंद होण्याचे प्रमाण फार, असे आढळल्यावर आता ती शक्यतो टाळतात.

यावरचे आजचे उपाय मोठ्या शस्त्रक्रियेवाचून होतात, आणि त्यांचाही वंशवृक्ष आहे. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी सारली. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी, अशी सोपी रीत दाखविली. १९६४ साली अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी पायाची अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली, आणि १९७४ साली अँड्रियास ग्रुन्टसिग यांनी त्यासाठी फुग्याची नळी वापरली. आज डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत जुन्या नळीतून तार घालतात, तारेवरून नवी नळी बसवितात, तंतूंचे आवरण फुग्याने फोडतात, अरुंद शीर फुगवून मोकळी करतात. गुठळी असल्यास ती विरघळविणारे औषध नळीत भरून ठेवतात. वर्षानुवर्षे राहून शिरेला चिकटून बसलेली नळीसुद्धा तिच्या आत फुगा फुगवून सैल करता येते. छाती उघडण्याचे कारण बहुधा पडत नाही. जंतूंचा ताप मात्र दुर्लक्षू नये. तेथे औषधे हवीत आणि पुष्कळदा नळीच काढावी लागते.

तथापि शिरा मोजक्याच असतात. आज फुग्याने उघडलेली वाट काही महिन्यांनी पुन्हा आकुंचन पावते. म्हणून घरच्या माणसांनी तीन गोष्टी ध्यानात धराव्यात. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या माणसाच्या हातातील शिरा जपाव्यात. रक्त काढणे किंवा सलाईन लावणे झाल्यास शक्यतो तळहाताच्या मागील बाजूस करावे. फिस्टुला वेळेवर, यंत्राची गरज भासण्यापूर्वी, करवून घ्यावी. आणि नळीची पट्टी ओली होऊ देऊ नये. हुडहुडी भरली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहता राहिली ती दुसरी वाट, घरापासून रुग्णालयापर्यंतची. केंद्र सरकारने २०१६ साली जिल्हा रुग्णालयांतून गरिबांस मोफत डायालिसिस देण्याची योजना जाहीर केली. हा ठराव चांगला आहे. पण पोलादपूरच्या घाटाखालील एखाद्या वाडीतून आठवड्यास तीन वेळा यंत्रापर्यंत जावयाचे, आणि नळी बंद पडली तर तारेचे व फुग्याचे काम जाणणाऱ्या डॉक्टरासाठी मोठे शहर गाठावयाचे, म्हणजे काय, याचा विचार शहरातल्या आपण लोकांनी करावा. महाडच्या नगरपालिकेचा ठरावही चांगलाच होता. त्यानंतर तीन वर्षांनी लोकांना स्वतः चालत तळ्यावर जावे लागले.