दाब वाढवणे सोपे, सोडणे कठीण

जुनी, पण अंगात रग असलेली एखादी सेडान मोटार विकत घ्यायची, घरामागच्या शेडमध्ये तिचे बॉनेट उघडायचे आणि कंपनीने कधीच न दिलेला टर्बोचार्जर तिच्या इंजिनावर स्वतःच्या हाताने बसवायचा, हा छंद युरोप-अमेरिकेत निदान पन्नास वर्षे जुना आहे. आपल्याकडे तो उशिरा आला, पण आला आहे. टर्बो म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, असे सरळ गणित त्यामागे मांडले जाते. गणित बरोबर आहे, पण अर्धे आहे. टर्बोचा सव्वाशे वर्षांच्या आसपासचा इतिहास पाहिला तर कळते की इंजिनात हवा कोंबण्याची युक्ती माणसाला लवकर सापडली. कोंबलेला दाब वेळेवर सोडून द्यायला शिकण्यात मात्र पुढची कित्येक दशके गेली. घरी टर्बो बसवणाऱ्याला तो सगळा प्रवास आपल्याच इंजिनावर आणि आपल्याच खर्चाने पुन्हा करावा लागतो.

सुरुवात मोटारीपासून झाली नाही. आल्फ्रेड ब्युखी हा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूर गावचा अभियंता. इंजिनात जाळलेल्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश ऊर्जा सायलेन्सरवाटे गरम धूर बनून निघून जाते, ही उधळपट्टी त्याला खुपत होती. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, अशी त्याची कल्पना. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. म्हणजे टर्बो जन्माला आला तो वेगाच्या हव्यासातून नव्हे, वाया जाणारी वस्तू कामाला लावण्याच्या विचारातून. ही कल्पना प्रत्यक्षात नीट चालायला वीस वर्षे लागली. १९२५ च्या सुमारास दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांवर टर्बो बसले आणि १,७५० अश्वशक्तीचे इंजिन २,५०० पर्यंत गेले.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने या यंत्राला आकाशाकडे नेले. विमान जसजसे वर जाते तशी हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकू लागते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा अभियंता सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच डोंगरावर लिबर्टी नावाचे विमानाचे इंजिन ट्रकवर लादून नेले. पायथ्याच्या हवेत साडेतीनशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर सव्वादोनशेच्या आसपास घसरले होते. टर्बो जोडल्यावर ते पुन्हा साडेतीनशेच्या वर गेले. इथेही टर्बोचे काम हरवलेले परत मिळवण्याचे होते. ज्या इंजिनाला मुळात पुरेशी हवा मिळते आहे, त्यालाच आणखी हवा भरवायची, हा पुढचा टप्पा. खरी अडचण तिथून सुरू झाली.

ही अडचण समजून घेतली पाहिजे, कारण घरच्या शेडमधली निम्मी इंजिने तिच्यामुळेच फुटतात. हवा दाबली की ती तापते. तीस अंशाची हवा दीडपट दाबाखाली आणली, तर साधारण टर्बोमधून ती ऐंशी अंशांच्या आसपास बाहेर पडते. ही तापलेली हवा सिलिंडरमध्ये पिस्टनखाली पुन्हा दाबली जाते. डिझेल इंजिनाला याचे काही वाटत नाही, कारण त्यात आधी फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल नंतर फवारले जाते. पेट्रोल इंजिनात मात्र हवेत पेट्रोल आधीच मिसळलेले असते. उष्णता आणि दाब मर्यादेबाहेर गेले की स्पार्क प्लगने पेटवलेली ज्योत सगळीकडे पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. मिस्त्री लोक याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. तो काही सेकंद चालला तरी पिस्टनच्या रिंगमधला भाग तुटू शकतो, हेड गॅस्केट जाऊ शकते, पिस्टनला भोक पडू शकते. म्हणून टर्बो जहाजांत आणि ट्रकमध्ये सुखाने नांदला, पण पेट्रोलच्या मोटारीत त्याचे पाय लवकर रोवले गेले नाहीत.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने एकाच वर्षी दोन टर्बो गाड्या काढल्या आणि दोघींनी या अडचणीला दोन वेगळी उत्तरे दिली. शेव्हरले कॉर्व्हेअरच्या टर्बो इंजिनात दाब सोडणारी झडपच नव्हती. सायलेन्सर आणि नळ्यांचा अडथळा दाबाला आपोआप लगाम घालेल, असा हिशेब होता. ओल्ड्समोबाइल जेटफायरने धाडस केले. इंजिनाचे कॉम्प्रेशन सव्वादहाला एक इतके वर ठेवले आणि नॉकिंग टाळायला पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात फवारले. त्यासाठी वेगळी टाकी होती. ती रिकामी झाली की दाब आपोआप कमी व्हायचा आणि गाडी मंद व्हायची. मालक टाकी भरायला विसरायचे, मग गाडीच्या नावाने तक्रार करायचे. दोन वर्षांत जेटफायर बंद पडली आणि पुढे कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. युक्ती खोटी नव्हती. पण माणसाच्या शिस्तीवर अवलंबून असलेले यंत्र रोजच्या वापरात टिकत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

यानंतरचे नाव या छंदातल्या प्रत्येकाला पाठ असते, बीएमडब्ल्यू २००२ टर्बो. २००२ हे साल नव्हे, गाडीचे नाव. ही छोटी दोन दारांची सेडान १९७३ च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली. दोन लिटरचे इंजिन, १७० अश्वशक्ती. पुढच्या गाडीवाल्याला आरशात सरळ वाचता यावे म्हणून बंपरखाली 'टर्बो' ही अक्षरे उलटी रंगवलेली होती. पुढच्याच महिन्यात युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि जर्मनीत रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी झाली. अशा वेळी त्या उलट्या अक्षरांवर टीकेची झोड उठली नसती तरच नवल. एकूण १,६७२ गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद झाले.

तेलटंचाईने ही गाडी मारली असे नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण तिच्यात एक तांत्रिक दुखणेही होते. नॉकिंग टाळण्यासाठी कंपनीने कॉम्प्रेशन ६.९ ला एक इतके खाली आणले होते. तिच्याच बिनटर्बोच्या २००२ टीआयआय या बहिणीचे कॉम्प्रेशन साडेनऊ होते. त्यामुळे टर्बो फिरायला लागेपर्यंत गाडी सुस्त असायची आणि साडेतीन-चार हजार फेऱ्यांनंतर एकदम उसळायची. पावसात, वळणावर अशी उसळी म्हणजे संकट.

याचे उत्तर स्वीडनमधून आले. साब ही छोटी कंपनी. मोठे सहा किंवा आठ सिलिंडरचे इंजिन नव्याने बनवायला तिच्याकडे पैसा नव्हता. पण १९६९ मध्ये ती स्कॅनिया या ट्रक कंपनीशी एकत्र आली होती आणि ट्रकवर टर्बो चालवण्याचा अनुभव स्कॅनियाकडे होता. पेर यिलब्रांड या अभियंत्याच्या गटाने प्रश्नच उलटा केला. जास्तीत जास्त ताकद किती मिळेल, हे बाजूला ठेवून रोज चालवणाऱ्याला कोणत्या वेगाला ताकद लागते, हे त्यांनी पाहिले. आकाराने लहान टर्बो घेतला, म्हणजे तो लवकर फिरतो. लहान टर्बो पुढे जास्त दाब देईल म्हणून धुराच्या वाटेवर वेस्टगेट नावाची झडप ठेवली. ठरलेला दाब झाला की ती उघडते आणि जादा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. १९७७ मध्ये साब ९९ टर्बो लोकांसमोर आली. अश्वशक्ती १४५, म्हणजे बीएमडब्ल्यूपेक्षा कमी. तरीही टिकली ती हीच.

१९८२ च्या मॉडेलपासून साबने पुढचे पाऊल टाकले. इंजिनाच्या ब्लॉकवर एक सेन्सर बसवला, जो नॉकिंगचा आवाज ऐकतो. आवाज आला की इलेक्ट्रॉनिक पेटी वेस्टगेट उघडून दाब उतरवते. पेट्रोल हलके असो की चांगले, इंजिन स्वतःला सांभाळते. या एका कानामुळे कॉम्प्रेशन ७.२ वरून ८.५ पर्यंत वाढवता आले. टर्बो खऱ्या अर्थाने घरगुती झाला तो इथे.

कारखान्यातले हे ज्ञान शेडमध्ये पोहोचले ते तीन वाटांनी. पहिली वाट पुस्तकांची. टर्बो उद्योगातले अभियंते ह्यू मॅकिनेस यांचे 'टर्बोचार्जर्स' १९७६ मध्ये आले, कॉर्की बेल यांचे 'मॅक्सिमम बूस्ट' १९९७ मध्ये. इंजिनाला किती हवा लागेल, कोणत्या मापाचा टर्बो घ्यावा, हे हिशेब सामान्य माणसाला करता येऊ लागले. दुसरी वाट भंगार बाजाराची. ऐंशीच्या दशकात साब, व्होल्वो, फोर्ड, क्रायसलर अशा अनेक गाड्यांवर गॅरेट कंपनीचा टी-३ टर्बो होता. गाड्या भंगारात गेल्या आणि टर्बो स्वस्तात हाती आले. तिसरी वाट संगणकाची. २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाची पेट्रोल फवारणी नियंत्रित करणारी पेटी तयार केली. तिचे सुटे भाग मागवून घरच्या घरी सोल्डर करायचे आणि लॅपटॉप जोडून पेट्रोलचे प्रमाण ठरवायचे.

आता प्रत्यक्ष काम पाहा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नवा बनवावा लागतो, आणि आठशे-नऊशे अंशांत लाल होणारे वेल्डिंग तडकत नाही असे जोडणे हे कसबी वेल्डरचेच काम आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. म्हणून तेल आणणारी नळी लागते, आणि तेल परत ऑइल चेंबरमध्ये उतारानेच गेले पाहिजे. उतार चुकला की तेल तुंबते आणि सील गळू लागते. तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर, जास्त पेट्रोल द्यायला मोठे इंजेक्टर आणि पंप, मिश्रण मोजायला ऑक्सिजन सेन्सर, स्पार्कची वेळ मागे घेण्याची सोय आणि या सगळ्यावर वेस्टगेट. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे इतिहासात कुणीतरी खाल्लेल्या ठेचेचे उत्तर आहे. इंटरकूलर गाळला की जेटफायरची अडचण समोर येते. टर्बो गरजेपेक्षा मोठा घेतला की १९७३ ची बीएमडब्ल्यू होते. वेस्टगेट नीट लावली नाही की पिस्टन जातो.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. २००१ साली औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाचा कारखाना सुरू झाला आणि ऑक्टाव्हिया तिथे जोडली जाऊ लागली. २००४ च्या सुमारास तिची आरएस ही १.८ लिटर टर्बो पेट्रोल आवृत्ती भारतात आली, अश्वशक्ती १५०. तिच्यातला टर्बो क्यून्ले, कॉप अँड काउश या जर्मन घराण्याचा, म्हणजे बीएमडब्ल्यू २००२ टर्बोला ज्यांनी टर्बो दिला त्यांचाच. पण आता कॉम्प्रेशन साडेनवाच्या आसपास. १९७३ च्या बिनटर्बो बहिणीइतके. तीस वर्षांत लोखंड फार बदलले नव्हते, बदलले होते ते ऐकणारे सेन्सर आणि आवरणारा संगणक.

आणि आपल्याकडचे हौशी लोक नेमके त्यालाच हात घालतात. युरोपात याच इंजिनाची २२५ अश्वशक्तीची आवृत्ती होती, मग आपल्या गाडीत नुसता प्रोग्राम बदलून तेवढी ताकद का काढू नये, असा विचार होतो. त्या आवृत्तीत टर्बो मोठा होता, इंजेक्टर मोठे होते, इंटरकूलर दोन होते, हे सोयीने विसरले जाते. शिवाय तिथे ९५ ऑक्टेनचे पेट्रोल, इथे पंपावरचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ चेच होते, आणि मराठवाड्यात मे महिन्यात आत ओढली जाणारी हवाच चाळीस अंशांची.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जर्मनीत घरी बदललेली गाडी तपासणी संस्थेकडे न्यावी लागते. ब्रेक, धूर, आवाज, सगळे तपासून बदलाची नोंद गाडीच्या कागदांत होते. तिथे काम उजेडात होते म्हणून ते शिकता येते, शिकवता येते आणि चूक पकडली जाते. आपल्याकडे ते लपून होते. उस्तादाच्या हातात कसब असते, शागिर्दाला ते बघून येतेही, पण मोजमापाचा कागद कुठेच उरत नाही आणि इंजिन का फुटले हे दुसऱ्याला कळत नाही. रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचा प्रश्न असल्याने बंदीमागचे कारण समजते. पण तपासणीची वाट उघडी केली, तर या हातांची विद्या वाया जाणार नाही आणि रस्ताही सुरक्षित राहील.

ब्युखीने सुरुवात केली ती वाया जाणाऱ्या धुरापासून. जुनी गाडी भंगारात न घालता तिच्यात जीव ओतणारा मिस्त्रीही त्याच विचाराचा वारस आहे. फक्त गेज लावताना त्याने काट्याचा वरचा आकडा पाहण्याआधी झडप कुठे उघडते ते पाहावे. साबची गाडी टिकली ती याच झडपेमुळे.