विली पोस्टचें अखेरचें उड्डाण

तेलाच्या विहिरीवरील अपघातांत डावा डोळा गमावलेल्या विली पोस्ट या अमेरिकन वैमानिकानें १९३३ च्या जुलैंत एकट्यानें विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तीस आठ दिवसहि लागले नाहींत. असा पराक्रम तोंवर कोणीहि केला नव्हता.

१५ ऑगस्ट १९३५ रोजीं तो विल रॉजर्स या लोकप्रिय विनोदकारासह अलास्कांतील पॉइंट बॅरोकडे निघाला. खराब हवेंत वाट चुकल्यामुळें विमान एका खाजणाच्या पाण्यावर उतरलें. तेथील इनुपियाट लोकांना दिशा विचारून दोघे पुन्हा निघाले. विमान पाण्यावरून उठतें न उठतें तोंच एंजिन बंद पडलें आणि तें नाकावर उथळ पाण्यांत कोसळलें. दोघेहि तत्काळ मृत्यु पावले.

एंजिन थांबल्यावर वैमानिकाच्या गांठीं दोनच गोष्टी उरतात: उंची आणि वेग. उड्डाणाच्या आरंभीं दोन्हींची चणचण असते. त्यांतून पोस्टचें विमान दोन निरनिराळ्या विमानांचे भाग जुळवून केलेलें. चाकांऐवजीं त्यास पाण्यावर तरंगणारे जड पोकळ पाय बसविलेले. त्यामुळें तें पुढच्या बाजूस जड झालें होतें. एंजिनाचा जोर सरतांच खालीं गेलेलें नाक सांवरण्यास अवकाशच उरला नाहीं.

म्हणूनच नवशिक्यास आजहि बजावतात कीं, उडतांच एंजिन थांबल्यास मागें वळूं नये; नाक किंचित् खालीं करून वेग राखावा व समोरच उतरावें. कौशल्यालाहि कांहीं क्षण लागतात. पोस्टला ते लाभले नाहींत.